मशीनचं कर्ज काढण्याआधी: आई-बाबांना पत्र

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

दुसरं मशीन घ्यायचं, त्यासाठी कर्ज काढायचं आणि वेळ पडली तर राहतं घर तारण ठेवायचं, असं तुमचं चाललंय ते कळलं. मशीनला माझी ना नाही. मागणी असताना गिऱ्हाइकाला परत पाठवणं धंद्याला परवडत नाही. पण कुठल्या कामाला किती मुदतीचा पैसा, आणि बुडाला तर कुणाचं काय जाणार, हे ठरल्याशिवाय कुठेही सही करू नका. फोनवर आकडे नीट पोचत नाहीत, म्हणून सगळं लिहून पाठवते आहे.

आधी खेळतं भांडवल, म्हणजे रोजचा धंदा चालवायला लागणारा पैसा. वाढ म्हटलं की डोळ्यांसमोर मशीन येतं, पण पैसा मालात आणि उधारीत अडकतो. समजा, कच्चा माल आल्यापासून तयार माल बाहेर पडेपर्यंत 45 दिवस जातात, गिऱ्हाईक 60 दिवसांनी पैसे देतं आणि आपण पुरवठादाराला 30 दिवसांनी देतो. 45 अधिक 60 वजा 30, म्हणजे 75 दिवस आपला पैसा बाहेर. रोजचा खर्च 20 हजार धरला तर 15 लाख कायमचे गुंतलेले. धंदा 40 टक्क्यांनी वाढला की रोजचा खर्च 28 हजारांवर जातो आणि गुंतलेली रक्कम 21 लाखांवर. हे वरचे 6 लाख मशीनच्या कोटेशनमध्ये कुठेच लिहिलेले नसतात. हिशेबात नफा दिसतो आणि पगाराच्या दिवशी खात्यात खडखडाट असतो, तो यामुळेच.

आता हाच हिशेब वसुली 60 ऐवजी 45 दिवसांवर आणून करून बघा. पैसा बाहेर राहण्याचा काळ 75 वरून 60 दिवसांवर येतो आणि वाढलेल्या धंद्यालाही 16 लाख 80 हजार पुरतात. म्हणजे 6 लाखांच्या जागी फक्त 1 लाख 80 हजार उभे करायचे, उरलेल्या रकमेला ना व्याज, ना तारण. म्हणून बाबा, बँकेत जाण्याआधी येण्यांची, म्हणजे गिऱ्हाइकांकडून यायच्या पैशांची, यादी करा: 30 दिवसांच्या आतली, 30 ते 60, 60 ते 90 आणि त्याहून जुनी. 90 दिवसांपलीकडची येणी बऱ्याच बँका तारणाच्या हिशेबात धरतच नाहीत, तेव्हा तिथून सुरुवात करा. माल निघेल त्याच दिवशी बिल गेलं पाहिजे. आठवणीचा फोन मुदत उलटल्यावर करू नका, आठवडाभर आधी करा. बिलात काही चूक किंवा तक्रार असेल तर ती तेव्हाच कळते आणि तेच कारण पुढे करून पैसे लांबत नाहीत. जो माल एकाच गिऱ्हाइकासाठी बनतो, दुसऱ्याला विकता येत नाही, त्यावर 30 टक्के आगाऊ मागायला संकोच करू नका.

पुरवठादाराकडेही बघा. 10 दिवसांत पैसे दिले तर 2 टक्के सूट, नाहीतर 30 दिवसांत पूर्ण रक्कम, अशी अट असेल आणि आपण सूट सोडत असू, तर 20 दिवसांसाठी 2 टक्के मोजतो आहोत. वर्षाला ते 37 टक्क्यांच्या आसपास जातं. ओव्हरड्राफ्ट (खात्यात शिल्लक नसतानाही बँकेने ठरवलेल्या मर्यादेपर्यंत पैसे काढायची सोय) त्याहून स्वस्त असेल तर तो वापरून सूट घ्यावी. गिऱ्हाइकाकडून यायच्या पैशांची बिलं वटवून, म्हणजे ती बँकेला देऊन, आधीच पैसे घेण्याचाही मार्ग आहे. साधारण 80 ते 90 टक्के रक्कम लगेच मिळते, उरलेली वसुलीनंतर शुल्क कापून. मात्र गिऱ्हाइकाने बुडवलं तर ते पैसे आपण परत करायचे की नाही, हे करारात आधी वाचा.

मशीनसाठी मुदत कर्जच घ्या, म्हणजे ठरलेल्या वर्षांत हप्त्यांनी फेडायचं कर्ज. ओव्हरड्राफ्टमधून मशीन घेणं ही मला सगळ्यात धोक्याची चूक वाटते. ती मर्यादा दरवर्षी नव्याने मंजूर व्हावी लागते आणि बँक ती कधीही कमी करू शकते. पैसा मात्र लोखंडात गेलेला असतो, मग कच्च्या मालाला काही उरत नाही. मशीन 7 वर्षं चालणार असेल तर कर्ज 5 वर्षांचं ठेवा, म्हणजे कर्ज फिटल्यावरही ते कमावत राहील. मशीन येणं, बसवणं, चाचणी, माणसं तयार होणं यांत काही महिने जातात, तेवढे महिने हप्ते न भरण्याची सवलत आधीच मागा. त्या काळातही व्याज चढतं, ते खर्चात धरा.

व्याजाचा दर विचारताना "फ्लॅट की घटत्या शिलकीवर" हे विचारल्याशिवाय उठू नका. 3 वर्षांच्या कर्जावर 10 टक्के फ्लॅट म्हणजे घटत्या शिलकीवर जवळपास 18 टक्के. फ्लॅटमध्ये मुद्दल फिटत जातं, तरी व्याज शेवटपर्यंत पूर्ण मुद्दलावर लागतं. प्रक्रिया शुल्क, विमा आणि मुदतीआधी फेडण्याचा दंडही त्याच कागदावर मांडा.

हप्ता झेपेल का, हे बँक असं बघते: हप्ते आणि व्याजासाठी वर्षाला हातात उरणारी रोकड भागिले वर्षाचे हप्ते व व्याज. साधारण 1.25 हवं. 10 लाख रोकड आणि 8 लाख हप्ते असतील तर ते बरोबर बसतं. पण विक्री 20 टक्क्यांनी घटली तर रोकड फक्त 20 टक्क्यांनी घटत नाही. भाडं, पगार तेवढेच राहतात, त्यामुळे ती त्याहून बरीच जास्त घटते. म्हणून पडत्या विक्रीचाही हिशेब मांडा आणि त्यातही हप्ता निघेल इतकंच कर्ज घ्या. मशीन थोडं लहान आलं तरी चालेल.

आता घराचं. आई, हा भाग तुझ्यासाठी आहे. बँक तुझी सही "नुसती साक्षीची" म्हणून मागेल आणि कागद वैयक्तिक हमीचा असेल. हमी दिली की कंपनी थकल्यावर बँक तुझ्या ठेवींपर्यंत आणि घरापर्यंत पोचू शकते. म्हणून घराऐवजी आधी मशीनच तारण द्यायचं आणि 20 ते 30 टक्के स्वतःचे घालायचे. तरीही हमी मागितली तर ती ठरावीक रकमेपुरती असावी आणि कर्ज निम्म्यावर आल्यावर सुटावी, असं लेखी मागा. म्हातारपणासाठी ठेवलेल्या पैशांना हात लावू नका, स्वतःचा हिस्सा म्हणूनसुद्धा नाही. तेवढ्यावर अडत असेल तर मशीन भाडेपट्ट्याने घेता येतं का ते बघू.

भागीदार घ्यायचा विचार असेल तर कंपनीचं धरलेलं मूल्य त्याचे पैसे येण्याआधीचं की नंतरचं, हे स्पष्ट करून घ्या. कंपनीची किंमत 75 लाख धरून कुणी 25 लाख घालणार असेल, तर आधीच्या मूल्यावर त्याचा वाटा 25 टक्के, नंतरच्या मूल्यावर 33. हप्ते नसतात खरे, पण असे गुंतवणूकदार बहुधा काही वर्षांनी पैसे काढून घ्यायला बघतात. तेव्हा त्यांचा वाटा कुणी, कुठल्या भावाने विकत घ्यायचा हे आत्ताच लिहिलेलं हवं. मला विचाराल तर एका मशीनसाठी मालकी वाटून घेऊ नये.

3 वर्षांचे ताळेबंद, 12 महिन्यांची बँकेची विवरणं आणि येण्यांची यादी मला पाठवा. पुढच्या 12 महिन्यांची जमाखर्चाची मांडणी, महिन्यामहिन्याची, मी करून देते. मंजुरीपत्र आलं की सही करण्याआधी त्याच्या सगळ्या पानांचे फोटो पाठवा, मागची बारीक अक्षरातली पानंसुद्धा.

तुमची लेक