सीएनजी भरताना काटा काय सांगतो

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळा लागला की शहरातल्या सीएनजी पंपांवर एक वाद हमखास ऐकू येतो. ‘काटा दोनशेवर आला, मग गॅस दोन किलो कमी कसा?’ रिक्षाचालकाला वाटते पंपवाल्याने गॅस मारला. पंपावरचा मुलगा म्हणतो, मशीन आपोआप बंद झाले, मी काय करू? दोघेही खरे बोलत असतात. वाद चिघळतो, कारण दोघेही बारवर अडून बसलेले असतात आणि बार हे दाबाचे एकक आहे, गॅसचे वजन नव्हे. तापमान सांगितल्याशिवाय त्या आकड्यावरून टाकीत किती गॅस आहे हे कळूच शकत नाही.

आपल्याकडच्या सीएनजी टाकीचा कार्यदाब २०० बार ठरलेला आहे, पण तो १५ अंश सेल्सिअसला. ६० लिटर पाणी मावेल अशी टाकी घेतली तर त्या तापमानाला, त्या दाबाला तिच्यात साधारण १० किलो गॅस बसतो. नाशिकच्या मे महिन्यातल्या दुपारी १५ अंश कुठून आणायचे? शिवाय भरताना गॅस स्वतःच तापतो. सुरुवातीला रिकाम्या टाकीत शिरणारा गॅस एकदम पसरतो आणि थोडा थंड होतो. नंतर मागून येणारा गॅस आधीच्या गॅसला दाबत जातो आणि तापमान चढू लागते. सायकलला भराभर हवा मारली की पंपाचे टोक तापते, तसेच हे. दोन-तीन मिनिटांत टाकी भरायची म्हटल्यावर ही उष्णता पोलादातून बाहेर पडायला वेळच मिळत नाही. कडक उन्हात आतला गॅस साठ अंशांच्या जवळ जातो, काटा २०० दाखवतो, मशीन थांबते आणि टाकीत आठ किलोच्या आतबाहेर गॅस असतो.

गाडी तासाभराने सावलीत ३० अंशांवर आली की काटा खाली येतो. किती, याचा हिशेब मांडता येतो, पण तो सेल्सिअसमध्ये करायचा नाही, कारण वायूचे गणित निरपेक्ष तापमानावर चालते. सेल्सिअसच्या आकड्यात २७३ मिळवायचे. (२० अंशांचे ४० झाले म्हणजे दाब दुप्पट झाला, असे अनेक जण समजतात, प्रत्यक्षात वाढ सात टक्क्यांचीच.) इथे ६० अंश म्हणजे ३३३ आणि ३० अंश म्हणजे ३०३. २०० ला ३०३ ने गुणून ३३३ ने भागले की १८२ बार येतात. काटा मात्र १७० च्या आसपास दिसेल. शाळेत शिकवलेला नियम आदर्श वायूचा आहे. दोनशे बारला मिथेनचे, म्हणजे सीएनजीतल्या मुख्य वायूचे, रेणू इतके जवळ आलेले असतात की त्यांचे आपसातले आकर्षण दुर्लक्षून चालत नाही. डच भौतिकशास्त्रज्ञ व्हान डर वाल्स यांनी १८७३ साली ही दुरुस्ती मांडली. याच आकर्षणामुळे ६० लिटरच्या टाकीत आदर्श नियमाने येणाऱ्या आठ किलोंऐवजी दहा किलो गॅस मावतो, हा आपला फायदाच आहे.

तेव्हा गॅस गळाला की काय, अशी शंका काटा उतरल्यावर लगेच घेऊ नये. गळतीचा संशय असेल तर जोडांवर साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहावेत. काडी पेटवून कधीही पाहू नये. पैशांचे म्हणाल, तर पंपावरचे यंत्र गॅसचे वजन मोजते आणि बिल किलोवर होते. गरम टाकीत गॅस कमी बसतो, तसे पैसेही कमी पडतात. तोटा होतो तो रांगेत पुन्हा उभे राहण्याचा, आणि रिक्षावर पोट असलेल्यासाठी तो लहान नाही. त्यावर उपाय पहाटे किंवा रात्री उशिरा भरण्याचा.

काही वेळा मात्र तक्रार रास्त असते. पंपावरचा साठा साधारण २५० बारला, कमी, मध्यम आणि जास्त दाबाच्या तीन गटांत ठेवलेला असतो. गाडी आधी कमी दाबाच्या गटातून भरते, शेवटचा टप्पा जास्त दाबाच्या गटातून. गर्दीच्या वेळी हा शेवटचा गट उतरला की दोन्हीकडचा दाब सारखा होताच प्रवाह थांबतो. ट्रकवरच्या सिलिंडरांतून पुरवठा होणाऱ्या पंपांवर हे जास्त जाणवते. ओळखायची खूण सोपी आहे: नोझल लावलेले असतानाच काटा १७० वर अडला तर साठ्याचा दाब कमी आहे, २०० वर जाऊन नंतर उतरला तर उष्णता. पहिल्या प्रकारात पंपाने रांगेतल्या लोकांना आधीच सांगायला हवे.

थंडीतही हाच वायू त्रास देतो, उलट्या बाजूने. निफाडकडे पारा पाच अंशांखाली जातो त्या दिवसांत सकाळी गाडी अडखळते. रेड्युसरमध्ये गॅस दोनशे बारवरून अगदी कमी दाबावर येतो आणि या पसरण्यात पन्नास अंशांहून अधिक थंड होऊ शकतो. म्हणून मोटारींत इंजिनाचे गरम पाणी रेड्युसरभोवती फिरवलेले असते आणि बऱ्याच गाड्या पाणी तापेपर्यंत पेट्रोलवर चालतात. हे पाणी, म्हणजे कूलंट, कमी असेल तर रेड्युसर गोठतो आणि कसारा घाटासारख्या ठिकाणी गाडी एकदम दम सोडते. मेकॅनिक आधी टाकीकडे पाहतो. आधी कूलंट पाहावे.

घरच्या एलपीजीला यातले काहीच लावू नये. तिथे सिलिंडरमध्ये द्रव असतो. तो शिल्लक आहे तोवर दाब तापमानावर ठरतो, उरलेल्या गॅसवर नाही. किती उरला हे कळायला वजनकाटाच हवा. थंडीत ज्योत मंदावली म्हणून सिलिंडर उकळत्या पाण्यात ठेवणे अत्यंत धोक्याचे आहे.

टायरचे एका वाक्यात: सकाळी ८ अंशांना भरलेली ३२ पीएसआय हवा ३८ अंशांना ३७ च्या जवळ जाते, म्हणून हवा गाडी चालवण्यापूर्वी, थंड टायरवरच तपासावी आणि वाढलेला दाब दुपारी सोडून देऊ नये.

पंपचालकांना विनंती, की बिलाच्या यंत्राशेजारी त्या वेळचे हवेचे तापमान आणि साठ्याचा दाब दिसेल असा फलक लावावा. टाकीची दर तीन वर्षांनी होणारी जलदाब चाचणी ३३४ बारला होते. टाकीच्या पट्टीवरची या चाचणीची तारीख उलटलेली असेल तर, ग्राहक कितीही ओळखीचा असो, नोझल लावू नये. दोनशे बारला टाकीच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर दोनशे किलोंहून अधिक भार असतो आणि गंजलेला पत्रा तो किती दिवस पेलेल हे काट्यावर दिसत नाही.

आपला,
एक वाचक, सातपूर, नाशिक