घोड्यावरून पडणाऱ्या जॉकीचा मालक कोण? कामगारमंत्र्यांना खुले पत्र

माननीय कामगारमंत्री महोदय,
महाराष्ट्र राज्य, यांस सविनय नमस्कार.

पावसाळ्यात पुण्याच्या आणि नोव्हेंबरपासून महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर धावणाऱ्या घोड्यांच्या स्वारांविषयी हे पत्र आहे. जॉकी एकाच दुपारी चार-पाच निरनिराळ्या मालकांच्या घोड्यांवर बसतो आणि त्याला प्रत्येक शर्यतीची फी व घोडा क्रमांकात आल्यास बक्षिसाचा ठरलेला टक्का मिळतो. परवाना शर्यती भरवणाऱ्या क्लबचा, घोडा मालकाचा आणि सकाळच्या सरावाचे बोलावणे ट्रेनरचे. त्यामुळे पडून पाठीचा कणा जायबंदी झाला, की त्याच्या उपचाराची आणि पुढच्या पोटापाण्याची कायदेशीर जबाबदारी नेमकी कोणाची, याचे सरळ उत्तर मिळत नाही. क्लबकडून किंवा मालकाकडून मदत होतेही, पण मदत म्हणजे हक्क नव्हे.

जॉकी पेसी श्रॉफ यांनी आठ वेळा इंडियन डर्बी ही देशातली मानाची शर्यत जिंकली आणि पुढे ट्रेनर म्हणूनही मोठे नाव कमावले. त्या उंचीचा स्वार पिढीत एखादाच. बाकीचे कोवळ्या वयात शिकाऊ म्हणून येतात, वजन पन्नास किलोच्या आसपास राखण्यासाठी ऐन जेवायच्या वयात उपाशी राहतात, घाम गाळून शरीरातले पाणी कमी करतात आणि तशाच थकल्या अंगाने ताशी साठ किलोमीटरच्या वेगात घोडा सांभाळतात. शिक्षण अर्धवट सुटलेले असल्याने परवाना गेल्यावर हाती दुसरा धंदा नसतो.

घोड्यांची शर्यत हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये दिला आणि त्यात जॉकीचे कसबही विचारात घेतले. त्याच कसबावर उभ्या असलेल्या पैजांवर 22 सप्टेंबर 2025 पासून 40 टक्के जीएसटी आहे. या महसुलात वाटा घेणाऱ्या राज्याने स्वाराकडे पाठ फिरवावी, हे मला अन्याय्य वाटते.

अनेक मालकांकडे काम करणाऱ्यांचा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. 1969 च्या माथाडी कायद्याने मंडळे नेमली, मालकांकडून मजुरीबरोबर लेव्ही, म्हणजे कामगारांच्या सोयींसाठीची सक्तीची वर्गणी, घेतली आणि हमालाला भविष्य निर्वाह निधी व वैद्यकीय सोय मिळवून दिली. न्यूयॉर्क राज्यानेही 1990 मध्ये जॉकींच्या अपघात भरपाईसाठी कायद्याने स्वतंत्र निधी उभारला. त्याच धर्तीवर जॉकी, शिकाऊ जॉकी आणि पहाटे घोडे फिरवणारे रायडिंग बॉय यांच्यासाठी मंडळ स्थापन करून धावणाऱ्या प्रत्येक घोड्यामागे लेव्ही आकारावी आणि त्यासाठी क्लब, मालक व जॉकी यांच्या प्रतिनिधींची बैठक पुण्याच्या पुढच्या हंगामापूर्वी बोलवावी, अशी आग्रहाची विनंती आहे.

शर्यतींवर प्रेम करणारा एक नागरिक