ताण मेंदूत नेमका कुठे बसतो?

संपादक महोदय,
ताणावरचा रविवारचा लेख आवडला, पण ताणात सुटणारे हार्मोन मेंदूत नेमके कुठे चिकटतात ते राहूनच गेलं. 1968 मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात मेंदूशास्त्रज्ञ ब्रूस मॅकइवेन आणि सहकाऱ्यांनी उंदरांना किरणोत्सारी कॉर्टिकोस्टेरॉन (उंदरांमधलं ताणाचं हार्मोन) टोचलं तर ते जाऊन साठलं हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे आठवणींच्याच जागी! पुढे 1981 मध्ये मेंढ्यांच्या हायपोथॅलॅमसमधून (मेंदूच्या तळाकडच्या भागातून) सीआरएफ हे ताणाच्या हार्मोनची साखळी सुरू करणारं रसायन मिळालं, मग त्याचे रिसेप्टर, म्हणजे ते जिथे चिकटतं त्या जागा, मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीच्या पुढच्या भागात आणि मेंदूतही सापडले, मेंदूच्या पातळ कापांना किरणोत्सारी सीआरएफ लावून ते फिल्मवर ठेवायचे, जिथे रिसेप्टर जास्त तिथे फिल्म जास्त काळी. परीक्षेत पाठ केलेलं आठवेना म्हणून माझी मुलगी रडते तेव्हा ‘मन घट्ट कर’ एवढंच म्हणणं आता मला जमत नाही. असे नकाशे एकदा चित्रांसकट छापा ना.

– एक वाचक, नाशिक