ॲशली डाऊनची फाईल

प्रिय मंजू,

व्हॉट्सॲपवर तुटक तुटक सांगत बसले तर तू मधेच दहा प्रश्न विचारशील आणि मूळ गोष्ट राहूनच जाईल, म्हणून सरळ पत्रच लिहितेय. मोठं आहे, चहा घेऊन बस.

मार्कच्या आजीची फाईल मिळाली. सासूबाईंची आई गं, जिला घरात सगळे नॅन म्हणायचे. मी लग्न होऊन आले तेव्हा ती नव्हतीच, पण तिच्याबद्दल ऐकून ऐकून मला वाटतं मी भेटलेय तिला. ताटात कण टाकायची नाही, कुणी टाकलेला चालायचा नाही, पलंगाखाली एक पत्र्याची ट्रंक आणि तिला कुणी हात लावायचा नाही. लहानपणाचा विषय काढला की एकच उत्तर, मी ब्रिस्टलची. एवढंच. सासूबाईंना त्यांच्या एका मावशीकडून (खरी मावशी नाही, शेजारची) कधीतरी कळलं होतं की ती अनाथाश्रमात वाढली, आणि मग घरात कुजबुज अशी की बहुतेक लग्नाआधीचं मूल असणार, आईनं टाकलं असणार, म्हणून बोलत नाही. सासूबाई ऐंशीच्या पुढे गेल्यात आणि हे त्यांनी आयुष्यभर मनात धरून ठेवलं होतं, आम्हाला पण मागच्या वर्षीच सांगितलं.

सुरुवात झाली 1921 च्या जनगणनेपासून. इथे इंग्लंडमध्ये जनगणनेचे कागद शंभर वर्षं बंद ठेवतात, 1921 चे 2022 मध्ये खुले झाले. पुढची 1931 ची तर आगीत जळून गेली, म्हणजे हीच शेवटची धड संधी. नॅनचं माहेरचं नाव टाकलं आणि आलं की गं, ब्रिस्टल, ॲशली डाऊन. पानच्या पान मुलींची नावं, एकाखाली एक, नातं वगैरे काही नाही, फक्त वय वर्षं आणि महिन्यांत. नॅन 9 वर्षं 2 महिने. त्या वर्षी पंधराच्या आतल्या मुलांसाठी एक जादा प्रश्न होता, आई-वडील हयात आहेत का, कारण महायुद्धानंतर किती पोरं पोरकी झाली ते सरकारला मोजायचं होतं. त्या रकान्यात तिच्यापुढे दोघेही मृत. खाली दोघेही मृत, वर दोघेही मृत. मी स्क्रोल करत राहिले आणि मग लॅपटॉपच बंद केला.

ॲशली डाऊन म्हणजे जॉर्ज म्युलरचा अनाथाश्रम. प्रशियातून आलेला हा माणूस, 1836 मध्ये शहरातल्या विल्सन स्ट्रीटवर भाड्याच्या घरात तीस मुलींपासून सुरुवात केली, आणि 1849 ते 1870 मध्ये टेकडीवर पाच प्रचंड दगडी इमारती उभ्या केल्या, 2050 मुलांची सोय. आणि म्हणे कुणाकडे कधी पैसे मागितले नाहीत, फक्त प्रार्थना करायची. माझ्यासारखीला हे ऐकून जरा हसू येतं, कारण दर वर्षी अहवाल छापायचा, त्यात कुठून किती देणगी आली ते सगळं लिहायचं, लोक वाचून पाठवायचे, न मागता मागणं झालंच की. पण हिशेब पै-पैचा चोख, ते मानलं पाहिजे.

आता गंमत ऐक. इमारती अजून आहेत, काहींत फ्लॅट झालेत, आणि बाजूलाच काउंटी ग्राउंड. 1999 चा वर्ल्ड कप आठव, सचिनचे बाबा गेले, तो मुंबईला येऊन परत गेला आणि केनियाविरुद्ध नाबाद 140, शतक झाल्यावर वर आभाळाकडे बघितलं आणि तुमच्या हॉलमध्ये सगळे रडत होते, तुझे बाबा सुद्धा? ते हेच मैदान. मार्क म्हणतो नॅनला क्रिकेटचं वेड, रेडिओला कान लावून बसायची, पण आजोबा तिकीट काढायचे तरी त्या ग्राउंडवर कधी गेली नाही.

तर फाईल. संस्था अजून आहे, आता मुलांना ठेवत नाही पण जुनी रजिस्टरं सांभाळलीत, घरच्यांनी नात्याचे पुरावे जोडून अर्ज केला की कॉपी देतात. सासूबाईंच्या सहीनं अर्ज केला. आणि सगळ्यात मोठी गोष्ट अशी की म्युलरचा नियमच होता, मूल रीतसर लग्नाचं पाहिजे आणि आई-बाप दोघेही गेलेले पाहिजेत. पुढे नियम सैल झाला पण कागद मागायची सवय गेली नाही. म्हणजे ज्या बाईबद्दल घरात कुजबुज चालायची तिच्या आई-बापाच्या लग्नाची तारीख, चर्च, दोघांच्या मृत्यूची कारणं, सगळं लिहिलेलं! बाप बेडमिन्स्टरच्या तंबाखूच्या कारखान्यातला कामगार, ग्लॉस्टरशर रेजिमेंटमधून गेला, 1917 मध्ये बेल्जियममध्ये मारला गेला. (त्याची लष्करी फाईल नाहीच, 1940 च्या बॉम्बिंगमध्ये त्या युद्धातल्या शिपायांची निम्म्याहून जास्त कागदपत्रं जळाली.) आई 1918 च्या नोव्हेंबरात, फ्लूनं. तीच साथ गं, आपल्याकडे तर मुंबई बंदरातून शिरून गावंच्या गावं झोपवली.

अर्ज केला होता आईच्या बहिणीनं. तिची स्वतःची पाच लेकरं, नवरा गोदीत रोजंदारीवर, ते सगळं अर्जात आलंय. ती नॅनला आणि नॅनच्या भावाला काही महिने सांभाळत होती, मग झेपेना. सासूबाईंनी तो कागद परत परत वाचला, म्हणाल्या, म्हणजे टाकलं नव्हतं. मी काय बोलणार, मी आपली किटली चढवली.

हो, भाऊ! भाऊ होता हे कुणालाच माहीत नव्हतं. दोन वर्षांनी मोठा, त्याच टेकडीवर, पण मुलं मुली वेगळी, त्यामुळे तो दुसऱ्या बाजूला. मला आधी वाटलं त्याला कॅनडाला पाठवला असेल, कारण बर्नार्डो आणि बाकीच्या संस्थांनी 1869 पासून लाखभर मुलं तिकडे शेतावर राबायला पाठवली, पुढे ऑस्ट्रेलियाला पण, तेव्हाचे पंतप्रधान गॉर्डन ब्राउननी 2010 मध्ये माफी मागितली तेव्हा बातम्यांत होतं बघ. कॅनडाच्या सरकारी यादीत शोधलं, नाही. मग त्याचं पान मिळालं, चौदाव्या वर्षी एका बेकरकडे शिकाऊ म्हणून. 1939 च्या सप्टेंबरात युद्धासाठी सगळ्या देशाची नोंद केली होती, त्यात तो ग्लॉस्टरला, बेकर, बायको, एक मूल. मी नाव वाचून दाखवलं तर सासूबाई म्हणाल्या, अगं हे तर ख्रिसमसला कार्ड पाठवायचे, दर वर्षी, आम्हाला वाटायचं आईच्या चॅपलमधले कुणीतरी! म्हणजे दोघांचा संपर्क होता. भाऊ म्हटलं असतं तर पुढचं पण सांगावं लागलं असतं, कुठे वाढलात, का वाढलात, म्हणून ओळखीचे गृहस्थ.

नॅनच्या पानावर शेवटची ओळ 1929 ची. सतराव्या वर्षी क्लिफ्टनमधल्या एका घरात मोलकरीण म्हणून रवाना. बरोबर कपडे, बायबल आणि ट्रंक. तीच ट्रंक. वर्तणूक चांगली, तब्येत चांगली, बस. दहा वर्षांचं एवढंच. ती कुठल्या बेडवर झोपायची, रात्री रडायची का, भाऊ खिडकीतून दिसायचा का, काही नाही. मला राग पण येतो आणि येत नाही पण. त्या काळात रस्त्यावर किंवा वर्कहाऊसमध्ये (निराधारांना काम करवून ठेवायचे ते) गेली असती तर कदाचित जगली नसती, इथे पोट भरलं, लिहावाचायला शिकली, अक्षर तर तिचं मोत्यासारखं. पण मुलगी म्हटली की शेवटी दुसऱ्याच्या घरची भांडी, हे ती सात वर्षांची असतानाच ठरून गेलेलं. सासूबाईंना मी हे बोलले नाही, त्या सध्या सगळ्यांना फोन करून सांगतायत की माझ्या आजी-आजोबांचं लग्न अमुक चर्चमध्ये झालं.

आणि तुला हे सगळं इतकं पाल्हाळ लावून सांगायचं कारण तुझी पणजी. तुमच्या घरी पण 'पणजी केडगावची' एवढ्यावर विषय संपतो ना? 1897 च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून मुली आणून केडगावच्या आश्रमात ठेवल्या त्यातली ती, एवढं तूच मला सांगितलेलंस. तर रमाबाईंनी स्वतः लिहिलंय की ह्याच म्युलरचं चरित्र वाचून त्यांना उमेद आली, देवावर भरवसा ठेवून पैसे न मागता काम चालवायची. इंग्लंडमध्ये असताना त्या चेल्टनहॅमला शिकवायच्या, इथून गाडीनं तासाभरावर. मला हे कळलं तेव्हा मी एकटीच किचनमध्ये मोठ्यानं 'अरे!' म्हणाले. तर केडगावला जाऊन एकदा विचार. पुण्याहून दौंडच्या लोकलनं जाशील, दिवसभराचं काम. नोंद असेलच असं मी म्हणत नाही, पण मामा आहेत तोवर त्यांना नाव, अंदाजे साल, लग्न कुठे झालं हे विचारून वहीत लिहून तरी घे, व्हॉइस नोट नको, ते फोनबरोबर जातं. आणि मामा टाळाटाळ करतील, त्यांना वाटेल दुष्काळातली मुलगी म्हणजे काहीतरी लाजिरवाणं, तर त्यांना सासूबाईंची गोष्ट सांग, फ्लूचं आणि लग्नाच्या तारखेचं.

नॅनच्या भावाच्या नातीला सासूबाईंनी हातानं पत्र लिहिलंय, पत्ता जुनाच आहे, बघू. उत्तर आलं तर कळवतेच. डिसेंबरात तुझा दीर इकडे येणारे ना, त्याच्याबरोबर गोडा मसाला पाठव, इथला मिळतो त्याला काही वासच नाही. आणि काकूंना नमस्कार, गुडघ्याचं ऑपरेशन कधी ठरलं ते लिही.

तुझी,
सुलू