‘विचारू दे तिला’ म्हणणाऱ्या काकूंना

आदरणीय काकू,
सादर नमस्कार.

तुमच्या मुलाशी ठरलेले माझे लग्न मोडल्यावर साताऱ्याहून विनाथांबा एसटीने स्वारगेटला उतरून तुम्ही थेट आमच्या घरी आलात, त्याला आता बरेच महिने झाले. तरी तुमचे आभार कसे मानावेत हे मला अजून उमगलेले नाही. हे पत्र तुमच्या पत्त्यावर न पाठवता उघडपणे लिहिते आहे, कारण तुम्ही जे केलेत ते ज्यांना जमले नाही, त्यांनीही ते वाचावे अशी माझी इच्छा आहे.

विशेष विवाह कायद्याप्रमाणे आमच्या लग्नाची 30 दिवसांची नोटीस लागलेली होती. त्या मुदतीत कुणालाही हरकत घेता येते, पण ती वय, हयात असलेला आधीचा जोडीदार, जवळचे नाते अशा ठरावीक कारणांवरच. नवऱ्या मुलाचे दुसरीकडे सूत जुळले आहे, हे काही त्यात बसत नाही. ते सांगणे माणसांच्या हाती होते, आणि साखरपुड्याच्या पंगतीत जिलबीवर ताव मारणाऱ्या त्याच्या मित्रांपैकी कितीतरी जणांना ते ठाऊक होते. पुढे याच मंडळींनी मला ‘झाले गेले गंगेला मिळाले’ असे समजावले. खुद्द त्याने तर ‘तू माझ्यापेक्षा चांगला मुलगा डिझर्व्ह करतेस’ एवढा मेसेज टाकून मला ब्लॉक केले. नात्यातल्या एका वकिलांनी भारतीय न्याय संहितेचे कलम 69, म्हणजे लग्नाचे खोटे वचन देऊन शरीरसंबंध ठेवणे हा गुन्हा ठरवणारे कलम, उघडून दाखवले. मला कुणाला तुरुंगात पाठवायचे नव्हते; हे कधीपासून चालले होते, एवढेच मला कुणीतरी समोर बसून सांगायला हवे होते.

तुम्ही आलात तेव्हा आईने चहा पुढे केला आणि ‘जाऊ द्या, आता तो विषय नको’ असे म्हणून मला आत जायची खूण केली. तुम्ही कप तसाच खाली ठेवलात, आईचा हात धरलात आणि म्हणालात, “विचारू दे तिला. विचारील ते सांगते.”

मग मी विचारत गेले. पाडव्याला ती मुलगी तुमच्याकडे जेवायला आली होती, ऑफिसातली मैत्रीण म्हणून त्याने तिची ओळख करून दिली, तुम्हाला ते पटले नाही आणि तरीही तुम्ही गप्प बसलात, हे सारे तुम्ही आडपडदा न ठेवता सांगितलेत. त्याच संध्याकाळी ताप आल्याचे सांगून त्याने माझा फोन घाईघाईने ठेवला होता. जे तुम्हाला माहीत नव्हते, त्याला तुम्ही सरळ ‘माहीत नाही’ म्हणालात. जुने मेसेज पुन्हा पुन्हा उघडून आपले कुठे बिनसले हे शोधत बसण्याची माझी सवय त्यानंतर सुटली.

पोटच्या मुलाची बाजू घेणे तुम्हाला सहज शक्य होते, आणि कुणी त्याबद्दल बोलही लावला नसता. तुम्ही त्याला पाठीशी घातले नाहीत, त्याला शिव्याही दिल्या नाहीत, आणि मोठ्या मनाने त्याला माफ कर असे तर चुकूनही म्हणाला नाहीत. एवढा सरळपणा अंगी असलेली माणसे आहेत, म्हणूनच माझा माणसांवरचा विश्वास पुरता उडाला नाही.

हे पत्र त्याच्या वाचनात आले तर येवो. ते त्याच्यासाठी लिहिलेले नाही.

आपली,
होता होता राहिलेली सून