त्या ताईंना आणि काकांना थँक्यू
नावं विचारायचीच राहिली म्हणून इथे लिहितेय. कालच्या मिलोंगात, म्हणजे टँगो नाचायच्या पार्टीत, सलग तीन तांदा (एकाच जोडीदारासोबत नाचायचे गाण्यांचे संच) मी खुर्चीला चिकटून, आणि माझ्यासोबतच टँगो शिकायला लागलेली मैत्रीण फ्लोअरवर असले भारी ओचो (पायांनी आठचा आकडा काढायची स्टेप) घेत होती की खोटं कशाला बोलू, नुसता जळफळाट झाला. कोर्तिना (दोन तांदांच्या मधलं छोटं संगीत) लागल्यावर निळ्या शूजवाल्या ताई शेजारी येऊन म्हणाल्या, अगं मोबाईल ठेव, मान वर कर, खाली बघणारीला नजरेनं नाचायला विचारणार कसं कोणी? केलं तसं, तर समोरून एका काकांनी मान डोलावली! त्या तांदाची चारही गाणी नाचले, माझं वजन पुरतं एका पायावर येईपर्यंत ते थांबायचे, दोनदा त्यांचा पाय तुडवला तरी हसले फक्त. खूप खूप थँक्यू दोघांना. मैत्रिणीला जळफळाटाचं अजून सांगितलं नाहीये 😄