हर्नियाचे पॅकेज आणि माझ्या भावाचे रक्त

माननीय आरोग्यमंत्री, गोवा राज्य, यांस,

सप्रेम नमस्कार.

माझ्या धाकट्या भावाला सहा वर्षांपासून हर्निया आहे. पेडण्यात त्याचे मोबाइल दुरुस्तीचे लहानसे दुकान आहे. खोकला आला की आधी हात कमरेच्या पट्ट्यावर जातो. शेजाऱ्यांचा असाच हर्निया होता. ते ऑपरेशन करून तिसऱ्या दिवशी घरी आले आणि यंदा चवथीला गणपतीवरची माटोळी बांधायला स्टुलावर चढले. भावाची तारीख मात्र तीनदा पुढे गेली, कारण त्याला हिमोफिलिया ‘ए’ आहे, तोही तीव्र. रक्त गोठायला लागणारा फॅक्टर आठ त्याच्या अंगात जवळजवळ नाहीच.

हिशेब मला आता तोंडपाठ आहे. वजनाच्या किलोमागे फॅक्टरचे एक युनिट इंजेक्शनने दिले की फॅक्टरची पातळी सुमारे 2 टक्क्यांनी वाढते. भाऊ 60 किलोचा. ऑपरेशनआधी पातळी 80 टक्क्यांवर न्यायची तर 2400 युनिट, म्हणजे 500 च्या पाच कुप्या. त्याही चाकू लागण्याआधी. दिलेला फॅक्टर बारा तासांच्या आत निम्म्यावर येतो. म्हणून पुन्हा डोस, मग रात्रीचा डोस, जखम धरेपर्यंत हेच. आठवड्याला तीस कुप्या धरा. कुपी पाच हजारांना पडली तर दीड लाख झाले, आणि यात भूल नाही, खाट नाही, सर्जनही नाही.

दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचे कार्ड आमच्याकडे आहे. चार माणसांच्या घराला वर्षाला 4 लाख. योजना चांगलीच आहे, तिच्यावर माझा राग नाही. पण पॅकेज, म्हणजे योजनेतून मिळणारी ठरावीक रक्कम, ठरते ऑपरेशनच्या नावावर. रुग्णालयाचे नाव मुद्दाम लिहीत नाही, तिथल्या खिडकीवरच्या बाईंनी यादीवरून बोट फिरवले आणि म्हणाल्या, “हर्निया आहे हो, पण ही इंजेक्शने यात बसत नाहीत.” रुग्णालयाच्या फॅक्टरच्या साठ्यातून मागितली तर उत्तर आले, साठा रक्तस्राव होऊन येणाऱ्यांसाठी. हेही मला पटते. गुडघा सुजून रडणारे पोर दारात असताना तीस कुप्या एका हर्नियाला कोण देईल?

पण साहेब, हर्निया अडकला तर हाच माणूस मध्यरात्री त्याच दारात येईल. तेव्हा कुप्या द्याव्याच लागतील, बहुधा जास्तच, आणि आतडे काळे पडले असले तर त्याचा खर्च वेगळा. आज वाचवलेला फॅक्टर तेव्हा दामदुपटीने जाणार.

म्हणून मागणी एवढीच: रक्तस्रावाच्या विकारांच्या रुग्णांसाठी फॅक्टरचा खर्च पॅकेजबाहेर, वेगळ्या शीर्षाखाली धरावा, आणि ठरलेल्या ऑपरेशनच्या कुप्या रुग्णाच्या नावाने आधी बाजूला काढल्याशिवाय तारीखच देऊ नये. त्याआधी इनहिबिटरची तपासणी सक्तीची करा. शरीराने फॅक्टरविरुद्ध प्रतिपिंडे तयार केली असतील तर तीसच्या तीस कुप्या पाण्यात जातात.

काटकसरही सुचवते. भावाची एक दाढ दोन वर्षांपासून किडली आहे. ती काढायलाही फॅक्टर लागतोच. मग हर्नियाच्या वेळी, त्याच डोसात ती का काढू नये? सर्जन आणि दंतवैद्य एका टेबलाशी बसले तर होईल. ट्रानेक्सॅमिक ॲसिडची स्वस्त गोळी जोडली की दाढेच्या जागी रक्त थोपवायलाही मदत होते.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात हिमोफिलिया आहे. भावाकडे ते प्रमाणपत्रही आहे, लॅमिनेट केलेले. घरी फ्रीजच्या दारात लोण्याच्या कप्प्यात एक कुपी असते, अडीअडचणीला. ती विरघळवताना आई तळहातांत हळू फिरवते, हलवत नाही, फेस येतो म्हणून. एक कुपी सांभाळायची आम्हाला सवय आहे. तीस आमच्याने होणार नाहीत.

चौथी तारीख मिळाली तर ती सोमवारची द्यावी. पुढचे चार-पाच दिवस पातळी तपासायला प्रयोगशाळेत माणसे असतात.

आपली,
पेडणे तालुक्यातील एक बहीण